फोर्क सोपा, पॅकेज अवघड

सिल्वासाच्या झंडा चौकाजवळच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की एक सूचना हमखास कानावर पडते: फोटो जेपीजीमध्ये हवा आणि अमुक इतक्या केबीच्या आत हवा. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, भरतीचा असो की कसला दाखला असो, गिऱ्हाईक गुजराती बोलो, मराठी बोलो की वारली, ही अट सगळ्यांना सारखीच. दुकानदार दोन-चार क्लिक करतो, फोटो छोटा होतो, अर्ज पुढे सरकतो. तो फोटो उघडून दाखवणारा कार्यक्रम क्रोम असेल, फायरफॉक्स असेल किंवा गिऱ्हाइकाचा अँड्रॉइड फोन असेल. तिन्हींच्या पोटात जेपेग म्हणजेच जेपीजी चित्रं उलगडण्याचं काम एकच लायब्ररी, म्हणजे इतर कार्यक्रमांनी वापरायचा तयार कोड, करते. तिचं नाव लिबजेपेग-टर्बो.

ही लायब्ररी मूळची नाही. लिबजेपेग नावाच्या जुन्या लायब्ररीची कोणीतरी नक्कल घेतली, तिच्यात बदल केले आणि वेगळी चूल मांडली. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात याला फोर्क म्हणतात. फोर्क करायला परवानगी लागत नाही, कारण मूळ परवान्यातच ती दिलेली असते. बटण दाबलं की फोर्क तयार. खरं काम त्यानंतर सुरू होतं. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांमध्ये हजारो कार्यक्रम एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. अशा ठिकाणी मूळ लायब्ररीच्या शेजारी किंवा तिच्या जागी फोर्क आणून बसवणं म्हणजे या सगळ्यांशी नव्यानं बोलणी करणं. ही बोलणी पॅकेज, म्हणजे वितरणात बसवण्यासाठी बांधलेलं सॉफ्टवेअर, तयार करणारा करतो. त्याचं नाव सहसा कोणाला माहीत नसतं.

डेबियनमध्ये या लायब्ररीच्या पॅकेजचं नाव आहे लिबजेपेग६२-टर्बो. उबुंटूमध्ये याच लायब्ररीच्या पॅकेजला लिबजेपेग-टर्बो८ म्हणतात. लायब्ररी तीच, तिचा मूळ संकेत म्हणजे कोडही तोच, मग एकीकडे ६२ आणि दुसरीकडे ८ का? या एका प्रश्नाच्या उत्तरात फोर्कच्या पॅकेजिंगचं बहुतेक सगळं शास्त्र येतं.

वाटणी, पण वेगळी

गावात भावाभावांत वाटणी होते तेव्हा जमिनीचे तुकडे पडतात. सॉफ्टवेअरच्या वाटणीत दोघांनाही अख्खी जमीन मिळते, झाडं-विहिरीसकट. त्यामुळे भांडण जमिनीवरून होत नाही. भांडण होतं ते सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढवायचं यावरून, कारण बँकेपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे तो उतारा बघूनच व्यवहार करतात. वितरणातलं पॅकेजचं नाव म्हणजे हा उतारा.

लिबजेपेगची कथा १९९१ साली सुरू होते. टॉम लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'इंडिपेंडंट जेपेग ग्रुप'नं त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. जेपेगचं मानक तेव्हा पक्कं होत होतं. मानक म्हणजे कागदावरची गणितं. सामान्य प्रोग्रामरला हवी होती ती चालणारी, फुकट आणि कोणालाही वापरता येईल अशी लायब्ररी. ती मिळाली आणि सुरुवातीच्या वेबवर जेपेग चित्रांचा सुकाळ झाला. मार्च १९९८ मध्ये ६बी ही आवृत्ती आली आणि त्यानंतर अकरा वर्षं नवी आवृत्तीच आली नाही. हे वाईट नव्हतं. लायब्ररी स्थिर होती आणि जगभरातले कार्यक्रम तिच्यावर निर्धास्त विसंबून होते.

मधल्या काळात प्रोसेसर बदलले. एकाच सूचनेत आठ किंवा सोळा आकड्यांवर एकदम क्रिया करायची सोय त्यांच्यात आली. जेपेगला ही सोय अगदी मानवते, कारण जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांवर तेच ते गणित करतं. तेच गणित अनेक आकड्यांवर करायचं असेल, तर ते एकेक करून करण्यात अर्थ नाही. जपानमधल्या मियासाका मासारू यांनी ६बी आवृत्तीला अशी जलद गणितं जोडली होती. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्याकडे दाखवणाऱ्या टायगरव्हीएनसी आणि व्हर्च्युअलजीएल या प्रकल्पांना चित्रं झपाट्यानं आवळायची होती. त्यांच्या कामातून डी. आर. कमांडर यांनी २०१० मध्ये लिबजेपेग-टर्बो वेगळी काढली. मूळ लायब्ररीच्या तुलनेत ती साधारण दोन ते सहा पट वेगानं चालते.

त्याच सुमाराला मूळ लायब्ररीलाही जाग आली. नव्या सांभाळकर्त्यांनी २००९ मध्ये सातवी, २०१० मध्ये आठवी आवृत्ती काढली. या आवृत्त्यांत आतल्या रचना बदलल्या आणि आठवीपासून तर जेपेगच्या मूळ मानकाबाहेरच्या काही सोयीही आल्या. आता वितरणांपुढे दोन वाटा होत्या: नाव जुनं पण वागणं नवं अशी मूळ लायब्ररी, किंवा नाव नवं पण वागणं जुनं असा फोर्क.

६२ म्हणजे काय

लिनक्सवर बहुतेक लायब्रऱ्या सामाईक असतात. चित्र दाखवणारा, छपाईचा, स्कॅनरचा, ब्राउझरचा असे शंभर कार्यक्रम असतील, तर शंभर जणांच्या पोटात जेपेगचा संकेत कोंबत नाहीत. लायब्ररीची एक फाईल डिस्कवर असते आणि कार्यक्रम सुरू होताना तिला जोडून घेतो. या फाईलच्या आत एक नाव कोरलेलं असतं, त्याला एसओनेम म्हणतात. ६बी आवृत्तीचं एसओनेम होतं लिबजेपेग डॉट एसओ डॉट ६२. आठव्या आवृत्तीचं झालं लिबजेपेग डॉट एसओ डॉट ८. कार्यक्रम बांधताना जे एसओनेम सापडलं, ते त्याच्या आत नोंदलं जातं. पुढे तो कार्यक्रम दुसऱ्या संगणकावर नेला, की तिथे तो नेमकं तेच नाव मागतो.

म्हणजे हा आकडा एक वचन आहे: माझ्या आतली मांडणी अमुक प्रकारची आहे आणि ती मी मोडणार नाही. प्रोग्रामर याला एबीआय म्हणतात. मांडणी म्हणजे नक्की काय, हे लिबजेपेगमध्ये फार स्पष्ट दिसतं. चित्र उलगडायला कार्यक्रम लायब्ररीला एक मोठी नोंदवही देतो. तिच्यात चित्राची रुंदी, उंची, रंगांची पद्धत, प्रमाण अशा कितीतरी रकान्यांची रांग असते. सातव्या आणि आठव्या आवृत्तीनं या रांगेत मधे नवे रकाने घातले. जुन्या पद्धतीनं बांधलेला कार्यक्रम एखाद्या जागी आपली नोंद शोधेल आणि नव्या लायब्ररीनं तिथे भलतंच काही ठेवलेलं असेल. असं झालं तर चित्राचं वाटोळं होईल किंवा कार्यक्रम कोसळेल.

मूळ लेखकांना हा धोका ठाऊक होता. म्हणून पहिल्याच हाकेत कार्यक्रमाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: मी कोणत्या आवृत्तीच्या मापानं बांधला गेलो आणि माझी नोंदवही किती बाइटची आहे. मापं जुळली नाहीत तर लायब्ररी काम करायला नकार देते आणि एक प्रसिद्ध तक्रार छापते: जेपेग लायब्ररीची आवृत्ती चुकीची, लायब्ररी ८०, मागणारा ६२. अनेक वर्षं लिनक्स वापरणाऱ्या बऱ्याच जणांनी ही ओळ कधी ना कधी पाहिली असेल. बरेच जण तिला बिघाड समजतात. खरं तर तो बिघाड होण्याआधी वाजलेला भोंगा आहे.

टर्बोच्या लेखकांनी इथे शहाणपणा दाखवला. बांधणी करताना एक पर्याय देऊन ही लायब्ररी ६बीच्या, सातव्या किंवा आठव्या आवृत्तीच्या मापाची करता येते. आतलं वेगवान गणित तेच राहतं, बाहेरची मांडणी हवी ती घेता येते. त्यामुळे 'टर्बो घ्यायची का' एवढाच प्रश्न उरला नाही. 'घ्यायची तर कोणत्या मापाची' हा प्रश्न प्रत्येक वितरणानं आपापल्या घरातली अवस्था बघून सोडवला.

फेडोरात तोपर्यंत ६बीच नांदत होती. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या फेडोरा १४ नं ६२ मापाची टर्बो घेतली. एसओनेम तेच राहिल्यामुळे बाकीच्या कार्यक्रमांना धक्काही लागला नाही. उबुंटूचे कार्यक्रम आठव्या आवृत्तीवर बांधलेले होते, म्हणून तिथे आठच्या मापाची टर्बो आली. डेबियन मात्र अडकलं. तिथे आठवी आवृत्ती रुळली होती, मूळ लायब्ररी सांभाळणाऱ्याला ती सोडायची नव्हती आणि दुसऱ्यांना टर्बो हवी होती. आपसात मिटेना, तेव्हा प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीकडे गेलं. दोन पॅकेजकारांचं एकमत होत नाही तेव्हा निवाडा करणारी ही डेबियनच्या घटनेतली संस्था. समितीनं २०१४ मध्ये टर्बोच्या बाजूनं कौल दिला. २०१५ मध्ये आलेल्या डेबियन ८ मध्ये लिबजेपेग६२-टर्बो हे नाव दिसू लागलं. त्यासाठी आठच्या मापावर बांधलेली पॅकेजेस पुन्हा बांधावी लागली, कारण ६२ चं वचन मागणारा कार्यक्रमच ६२ ची लायब्ररी उघडू शकतो.

त्या नावाचे भाग आता वाचता येतात. जेपेग हे काम, ६२ हे वचन, टर्बो हे घराणं. २०१९ मध्ये जेपेगच्या आंतरराष्ट्रीय मानकानं टर्बोला संदर्भ-अंमलबजावणी म्हणून मान्यता दिली. फोर्क म्हणून निघालेली लायब्ररी अशा रीतीनं मानकाची पंच झाली.

पॅकेजकाराच्या टेबलावर

समजा सिल्वासातल्या पॉलिटेक्निकच्या एखाद्या मुलीला एक छोटी लायब्ररी डेबियनमध्ये आणायची आहे. मूळ लेखकानं तीन वर्षांत उत्तर दिलेलं नाही, दुसऱ्या कोणी फोर्क करून चुका सुधारल्या आहेत आणि तिला हवा असलेला कार्यक्रम त्या फोर्कवरच चालतो. संकेत तयार आहे, तो तिच्या संगणकावर बांधलाही जातो. मग राहिलं काय?

आधी ती जाहीर करते की हे पॅकेज मी करणार आहे, म्हणजे तेच काम दोघांच्या हातून होत नाही. मग संकेताच्या शेजारी डेबियन नावाची एक डिरेक्टरी तयार होते. तिच्यातल्या कंट्रोल फाईलमध्ये पॅकेजचं नाव, वर्णन आणि ते कोणावर अवलंबून आहे ते. कॉपीराइट फाईलमध्ये कोणती फाईल कोणाची आणि कोणत्या परवान्याखाली. रूल्समध्ये बांधायची कृती, चेंजलॉगमध्ये इतिहास, वॉचमध्ये नवी आवृत्ती कुठे शोधायची तो पत्ता.

फोर्कमध्ये कॉपीराइटची फाईल नेहमीपेक्षा किचकट असते. मूळ लेखकांची नावं तशीच राहायला हवीत, फोर्ककर्त्याची वर जोडायला हवीत. मधेच कुठून तरी उचललेली तिसऱ्याच परवान्याची फाईल घुसली असेल तर ती शोधून काढायला हवी. डेबियनमध्ये पहिल्यांदा येणारं प्रत्येक पॅकेज नव्यांच्या रांगेत थांबतं आणि तिथे माणसं ही कागदपत्रं तपासतात. संकेत उत्तम, पण परवाना संदिग्ध म्हणून परत पाठवलेल्या पॅकेजेसची संख्या कमी नाही.

त्यानंतर नावाचा प्रश्न. फोर्ककर्त्यानं लायब्ररीचं एसओनेम बदललं आहे का? बदललं असेल तर दोघी शेजारी शेजारी नांदू शकतात, निदान चालवण्यापुरत्या तरी. बदललं नसेल, तर दोन्ही पॅकेजेस एकाच जागी एकाच नावाची फाईल ठेवायला बघतील आणि स्थापना अडेल. अशा वेळी कंट्रोल फाईलमधले चार शब्द कामाला येतात. प्रोव्हाइड्स म्हणजे मी त्या पॅकेजचं काम करू शकतो. कॉन्फ्लिक्ट्स म्हणजे आम्ही दोघं एका घरात राहू शकत नाही. ब्रेक्स म्हणजे मी आलो तर त्याची जुनी आवृत्ती चालणार नाही. रिप्लेसेस म्हणजे त्याच्या फाईली मी ताब्यात घेतो. नवख्या पॅकेजकाराला प्रोव्हाइड्स लिहिण्याचा मोह फार होतो, पण तो शब्द जपून वापरायचा असतो. मूळ लायब्ररीतलं एकही फंक्शन फोर्कनं काढून टाकलं असेल, तर 'मी तिचं काम करतो' हे विधान खोटं ठरतं. ते लगेच उघडंही पडत नाही. सहा महिन्यांनी कोणा तिसऱ्याच्याच कार्यक्रमात फुटतं.

हे टाळायला सिम्बॉल्स नावाची एक फाईल असते. लायब्ररी बाहेरच्यांसाठी कोणकोणती फंक्शन्स उघडी ठेवते आणि प्रत्येक फंक्शन कोणत्या आवृत्तीपासून आहे, याची ती यादी. नव्या बांधणीत यादीतलं एखादं नाव गायब झालं की बांधणी थांबते. वचन मोडलं गेलं हे माणसाच्या लक्षात यायच्या आधी यंत्राच्या लक्षात येतं.

सगळं जमलं तरी अधिकार नसलेल्या माणसाला पॅकेज थेट चढवता येत नाही. आधीपासून डेबियन विकासक असलेल्या कोणी तरी ते तपासून आपल्या सहीनं चढवावं लागतं. पुढे स्वतःचा अधिकार हवा असेल, तर आपली डिजिटल किल्ली एखाद्या विकासकाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते आणि ती पद्धत रूढीनं प्रत्यक्ष भेटीची. म्हणजे वापीला जाऊन गाडी पकडायची, मुंबई किंवा पुण्यातल्या एखाद्या मेळाव्याला जायचं, ओळखपत्र दाखवायचं. अशा भेटींची मोठी संधी असलेली डेबियनची जागतिक परिषद भारतात पहिल्यांदा झाली ती सप्टेंबर २०२३ मध्ये, कोचीला.

एकाच नावाचे दोन

टर्बोचं प्रकरण त्यातल्या त्यात सभ्यपणे मिटलं. चलचित्रांचं मिटलं नाही. व्हिडिओ उलगडणाऱ्या एफएफएमपेग या प्रकल्पात २०११ मध्ये फूट पडली आणि एक गट लिबएव्ही नावानं वेगळा झाला. दोघांच्याही लायब्रऱ्यांची नावं तीच राहिली: लिबएव्हीकोडेक, लिबएव्हीफॉरमॅट वगैरे. डेबियन आणि उबुंटूनं लिबएव्ही घेतलं. एफएफएमपेगची आज्ञा दिली की ती आता कालबाह्य आहे असा संदेश उमटायचा, आणि वापरणाऱ्यांना वाटायचं की प्रकल्पच बंद पडला. प्रत्यक्षात तो जोरात चालू होता.

२०१४ मध्ये एफएफएमपेग डेबियनमध्ये परत आणताना पॅकेजकारांनी त्याच्या लायब्रऱ्यांच्या नावांना शेपूट जोडलं: लिबएव्हीकोडेक-एफएफएमपेग५६. फाईलींचं भांडण त्यानं मिटलं, पण एक खोल अडचण उरली. एक व्हिडिओ कार्यक्रम दोन उपलायब्रऱ्या वापरतो. एक एफएफएमपेगवर बांधलेली, दुसरी लिबएव्हीवर. कार्यक्रम सुरू झाला की दोन्ही घराणी एकाच स्मृतीत येतात आणि दोघांच्याही फंक्शन्सची नावं सारखीच. एकानं मारलेली हाक दुसऱ्याकडे जाऊ शकते. फंक्शनच्या नावांना आवृत्तीची खूण जोडणं हा त्यावरचा उपाय. तो पॅकेजकारानं आधीच करून ठेवला असेल तरच वाचवतो.

त्यावरही एक हिशेब होता. व्हिडिओ उलगडणारा संकेत नेटवरून आलेल्या कुठल्याही फाईलला तोंड देत असतो, त्यामुळे त्यात सुरक्षेची छिद्रं सतत सापडतात. डेबियनच्या सुरक्षा गटानं सांगितलं की इतके मोठे आणि जवळजवळ सारखे दोन प्रकल्प आम्ही एका स्थिर आवृत्तीत सांभाळणार नाही, एकच निवडा. डेबियन ८ लिबएव्हीसह गेलं. २०१५ च्या जुलैत कौल एफएफएमपेगकडे वळला आणि डेबियन ९ मध्ये लिबएव्ही नव्हतं. पुढे तो फोर्कच थंडावला.

फोर्क मूळ प्रकल्पाला परत मिळाल्याचीही उदाहरणं आहेत. डेबियननं २००९ मध्ये ग्लिबसी ही सी भाषेची मूलभूत लायब्ररी सोडून तिचा ईग्लिबसी हा फोर्क घेतला, कारण मूळ प्रकल्पात सुधारणा स्वीकारल्या जात नव्हत्या. मूळ प्रकल्पाचा कारभार बदलला, फोर्कमधलं काम तिकडे गेलं आणि २०१४ मध्ये डेबियन ग्लिबसीवर परतलं. वेगळं नाव घ्यायला लावणारा फायरफॉक्सचा वाद तर संकेताचा नव्हताच, व्यापारचिन्हाचा होता. त्यापायी डेबियनमध्ये २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं तो ब्राउझर आइसवीझल या नावानं नांदला.

मराठीचा सवतासुभा

मराठी वाचकाला यातलं सगळ्यात जवळचं प्रकरण पडद्यावर रोज दिसतं. देवनागरी अक्षरं संगणकात एकामागोमाग साठवलेली असतात. त्यांची जोडाक्षरं करणं, वेलांटी पुढे आणणं, रफार चढवणं हे काम एक वेगळी लायब्ररी करते. फ्रीटाइप या प्रकल्पाच्या पहिल्या आवृत्तीत यासाठीचा संकेत होता, दुसऱ्या आवृत्तीत तो वगळला गेला. मग ग्नोम या डेस्कटॉपच्या पँगो लायब्ररीनं त्याची नक्कल घेतली आणि केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपखालच्या क्यूटीनंही. झाले दोन फोर्क. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक दाखवायला लागणारा ऱ्य एकीकडे नीट उमटावा आणि दुसरीकडे तुटावा, अशा परिस्थितीला हे निमंत्रणच होतं. एकाच अक्षराची एकच चूक दोन ठिकाणी नोंदवायची आणि दोन ठिकाणी दुरुस्त करायची. पुढे दोन्ही फाटे हार्फबझ या एका प्रकल्पात एकत्र आले आणि बेहदाद एस्फाबोद यांनी ती लायब्ररी नव्यानं लिहिली. आज फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड हीच वापरतात. डेबियनच्या नियमावलीत एक कलम आहे: दुसऱ्याच्या संकेताची नक्कल आपल्या पॅकेजात दडवू नका, सामाईक लायब्ररी वापरा. त्या कलमाचा अर्थ ऱ्य वरून कळतो. दुरुस्ती एका जागी झाली की ती सगळ्यांना मिळते.

फॉन्टमध्ये मात्र हीच गोष्ट उलट्या बाजूनं घडली. रेड हॅट कंपनीनं मुक्त परवान्याखाली दिलेले लोहित फॉन्ट कंपनीच्या पुण्यातल्या भाषा-विभागात वर्षानुवर्षं सांभाळले गेले. सुरुवातीला लोहित हिंदी, लोहित मराठी, लोहित नेपाळी, लोहित कोकणी असे वेगवेगळे फॉन्ट होते. सगळे देवनागरी, आतली बहुतेक अक्षरं तीच. एक दुरुस्ती करायची तर ती सगळ्यांत करा. मग त्यांचा मिळून लोहित देवनागरी हा एकच फॉन्ट झाला. पण मराठीचा ल आणि मराठीचा श हिंदीच्या ल-श पेक्षा वेगळ्या वळणाचे. त्यासाठी फॉन्टमध्ये एक कळ ठेवली गेली: मजकूर मराठी आहे असं कार्यक्रमानं सांगितलं, की ही दोन अक्षरं मराठी वळणानं उमटतात.

अडचण एवढीच की सगळे कार्यक्रम ते सांगत नाहीत. भाषेची खूण न देणाऱ्या कार्यक्रमात मराठी मजकूर हिंदी वळणानंच दिसणार. म्हणून मराठी आणि नेपाळीपुरते वेगळे फॉन्ट ठेवले गेले. डेबियनमध्ये फॉन्ट्स-लोहित-देवा हे पॅकेज आहे आणि शेजारी फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी हेही आहे. एकत्र येणं चांगलं, पण ज्याची गरज एकत्र येऊन भागत नाही त्याला वेगळं पॅकेज द्यावं लागतं. हा निर्णय तत्त्वावरून होत नाही. समोरच्या कार्यक्रमात श कसा उमटतो ते बघून होतो.

घ्यावा की नाही

परवान्यातल्या बदलांमुळे अलीकडे फोर्कचा ओघ वाढला आहे. मार्च २०२४ मध्ये रेडिस या माहिती साठवणाऱ्या प्रणालीनं आपला मुक्त परवाना बदलला आणि जेमतेम आठ दिवसांत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की हा फोर्क उभा राहिला. फेडोरानं त्याच वर्षी रेडिसच्या जागी वाल्की घेतला. कंपन्यांचं पाठबळ असलेल्या अशा फोर्कबद्दल वितरणांना झटपट ठरवता येतं. एकट्या माणसाच्या फोर्कचं तसं नाही.

वाल्कीची घोषणा झाली त्याच मार्चच्या २९ तारखेला एक्सझेड या फाईली आवळून छोट्या करणाऱ्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीला आला. तो फोर्क नव्हता. थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याला मदत करत करत एका टोपणनावाच्या माणसानं विश्वास कमावला, प्रकाशनाचे अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घात केला. पण तेव्हापासून 'मूळ लेखक गप्प आहे, मी चालवतो' असं म्हणणाऱ्या प्रत्येक फोर्ककडे पॅकेजकार जास्त बारकाईनं बघतात. संकेतातला बदल नजरेखालून घालतात. प्रकाशित केलेली गठडी आणि सार्वजनिक भांडारातला संकेत जुळतो का, हे पडताळतात. कारण एक्सझेडमध्ये घाताचा महत्त्वाचा तुकडा फक्त गठडीत होता.

म्हणून पॅकेजकाराच्या प्रश्नांचा क्रम साधारण असा असतो. फोर्कमधला बदल मूळ प्रकल्पाला पाठवून पाहिला का? मूळ प्रकल्प खरंच मेला आहे का, की फक्त सावकाश चालतो? फोर्कमागे एकाहून जास्त माणसं आहेत का? त्यानं एसओनेम बदललं का, आणि बदललं नसेल तर वचन पाळलं का? मूळ लायब्ररी वापरणारे किती कार्यक्रम पुन्हा बांधावे लागतील आणि ते बांधून तपासणार कोण? शेवटचा प्रश्न वेळेचा. डेबियनची एक स्थिर आवृत्ती नेहमीच्या आणि दीर्घ मुदतीच्या आधारासह पाच वर्षं चालते. त्या पाच वर्षांत फोर्ककर्त्याचा उत्साह संपला आणि एक सुरक्षेचं छिद्र सापडलं, तर ते बुजवणं पॅकेजकाराच्या आणि सुरक्षा गटाच्या गळ्यात पडतं.

या प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील, तर सिल्वासातल्या त्या मुलीनं करायचं काम वेगळं आहे: फोर्कमधली गरजेची दुरुस्ती तेवढी घेऊन ती डेबियनमध्ये आधीच असलेल्या मूळ पॅकेजाला ठिगळ म्हणून लावायची आणि ते ठिगळ मूळ प्रकल्पाकडेही पाठवायचं. तिच्या नावावर नवं पॅकेज लागणार नाही. पण जेपेगसारख्या, ऱ्य सारख्या गोष्टी वीस-वीस वर्षं बिनबोभाट चालतात त्या अशाच कामामुळे. मूळ प्रकल्प दाद देत नाही, फोर्कमागे माणसं आहेत आणि वचन टिकणार आहे, याची खात्री पटली तर मात्र कचरू नये. फोर्कला त्याचं स्वतःचं नाव द्यावं, त्याचा आकडा चोख लिहावा आणि पुढच्या पाच वर्षांची जबाबदारी घेऊनच पॅकेज चढवावं.